आबाजींच्या भजनाची डीव्हीडी कॉपी करताना

आमच्या आबाजींचं खंजिरी भजन मंडळ होतं. 2009 साली गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमात ते बसले, तेव्हा तालुक्याच्या फोटोवाल्यानं शूटिंग केलं. त्याची एकच डीव्हीडी घरात आहे आणि आबाजी आता नाहीत. तिन्ही आत्यांना कॉपी हवी होती. मोठी आत्या फोनवर म्हणाली, "बापू, मले मोबाइलवर नाही पाह्यता येत रे. टीव्हीवर लागन असं कर."

म्हणून यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर मागवला. लावला तर नुसता टकटक वाजायचा, लॅपटॉपला दिसायचाच नाही. रायटर खराब निघाला असं धरून परत पाठवायला काढला होता. खरी गोष्ट अशी की मी तो यूएसबी हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीत, लावला होता. यूएसबी 2.0 चं एक पोर्ट 500 मिलीअँपिअर देतं, आणि चकती फिरायला सुरुवात होते तेव्हा मोटर त्याहून जास्त करंट ओढते. हब काढला, रायटरसोबत आलेली दोन तोंडांची केबल लॅपटॉपच्या दोन पोर्टांत लावली. टकटक बंद.

दिसू लागला, पण आबाजींची डीव्हीडी उघडेना. जुनी गाण्यांची सीडी मात्र मस्त चालली. मला वाटलं डीव्हीडीच गेली, आणि त्या रात्री झोप लागली नाही. नंतर कळलं की सीडीला 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला 650 चा. म्हणजे सीडी चालली म्हणून डीव्हीडी वाचणारी बाजू ठीक आहे असं होत नाही. रायटरची वायर काढून ट्रे बाहेर ओढला. या पातळ रायटरचं भिंग ट्रेवरच असतं. टॉर्च मारला तर भिंगावर कापसाचा एक तंतू, केसाहून बारीक, आडवा पडलेला. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन महिना झाला होता, चांगला दर मिळायची वाट पाहत कापूस मधल्या खोलीत कमरेइतका भरलेला, आणि मी त्याच खोलीत लॅपटॉप मांडून बसलो होतो! ब्लोअरनं हलकेच हवा मारली. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. सगळं सामान उचलून देवघरात नेलं.

डीव्हीडी उघडली, पण कॉपी शेवटाकडे येऊन अडायची. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणजे शेवटचा भाग काठावर येतो, आणि बोटं आपण काठालाच लावतो. स्वच्छ मऊ कपडा किंचित ओला करून मधून काठाकडे सरळ पुसली, गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या वाटेनंच जातो आणि सलग माहिती वाचता येत नाही. दोनदा पुसल्यावर पूर्ण वाचली गेली. आधी तिची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची जशीच्या तशी एकच फाइल, हार्डडिस्कवर घेतली आणि पेन ड्राइव्हवरही ठेवली. मूळ डीव्हीडी मग कागदी पाकिटात घालून कपाटात.

पहिली कॉपी टीव्हीवर लागलीच नाही. घाईत मी व्हिडिओच्या फाइली नुसत्या ओढून टाकल्या होत्या. प्लेअरला व्हिडिओ-टीएस फोल्डर जसाच्या तसा लागतो. इमेजवरूनच लिहिली, लिहिण्याचा वेग 8 एक्सवरून 4 एक्सवर आणला, पंधराएक मिनिटं लागली, आणि लिहून झाल्यावर पडताळणी चालू ठेवली. ती चालू असताना मी टेबलाला हातही लावला नाही.

दोन आत्यांकडे लागली. मोठ्या आत्याचा प्लेअर जुना, तो प्लस-आर चकती घेईना (कोऱ्या डीव्हीडी प्लस-आर आणि मायनस-आर अशा दोन प्रकारच्या येतात). तिच्यासाठी मायनस-आर आणून परत लिहिली, एसटीनं येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती दिली. संध्याकाळी फोन आला. मागून खंजिरी ऐकू येत होती. आत्या म्हणाली, "पाह्य, बाबा मांगं वयून टाळवाल्याकडं पाह्यतात. तो चुकला होता थ्या दिवशी."