थोरोच्या गावच्या द्राक्षांची वाईन, घरच्या घरी

बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून वॉल्डन तळ्यावर बरेचदा जाणं होतं, त्यामुळे या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेल्या थोरोचं, त्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकाचं, कमीत कमी वस्तूंत जगणं डोक्यात बसलेलं. त्यात आमच्या मागच्या कुंपणावर कॉन्कर्ड द्राक्षाचा जुना वेल आहे, सप्टेंबर संपता संपता नुसता लगडतो आणि निम्मी द्राक्षं पक्षी खातात. हे द्राक्ष थोरोच्याच गावचं, कॉन्कर्डचं बरं का. एफ्रायम बुल नावाच्या माणसाने रानद्राक्षाच्या बिया लावून हजारो रोपांतून हा वाण काढला, १८४९ ला फळ धरलं, म्हणजे थोरो झोपडी सोडून गेल्याला दोनच वर्षं झाली होती. बिचाऱ्या बुलला पैसा काही मिळाला नाही, थडग्यावरसुद्धा तसंच लिहिलंय, पेरलं त्याने आणि कापणी दुसऱ्यांची.

तर ठरवलं, वाईन करायची आणि थोरोच्या पद्धतीने करायची. पाकिटातलं यीस्ट नाही, वाईन टिकवायला घालतात ते सल्फाईट नाही, मशीन नाही. (विकायची नसेल तर इथे घरी वाईन करायला बंदी नाही, दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालते. एवढी पिणार कोण!)

द्राक्षं धुतली नाहीत, सालीवर जी पांढरट पूड असते तिच्याबरोबर रानटी यीस्ट असतं, तेच हवं होतं. हाताने कुस्करली, पण ग्लोव्हज घालून, कारण या द्राक्षाच्या आंबटपणाने हात खाजतात. फूड ग्रेड बादली, वर फडकं, बस. दोन-तीन दिवस काहीच नाही, मग साली वर येऊन फसफसायला लागलं, दिवसातून दोनदा लाकडी डावाने खाली दाबायचं. मधे नेलपॉलिशसारखा वास आला तेव्हा वाटलं गेलं सगळं, पण फसफसणं जोरात झाल्यावर तो वास आपोआप गेला. आईने व्हिडिओ कॉलवर बादली बघितली आणि म्हणाली, "अगं हे द्राक्षासवच की, त्यात धायटीची फुलं घालतात."

अडलं ते साखरेवर. कॉन्कर्डमधे आंबटपणा भरपूर पण गोडी १६ ब्रिक्सच्या आसपास (रसात साधारण १६ टक्के साखर), म्हणजे अल्कोहोल जेमतेम ९ टक्के, आणि सल्फाईटही नाही म्हटल्यावर खराब व्हायची भीती. एक टक्का वाढवायला लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर लागते, ११ टक्क्यांपर्यंत नेण्याइतकी घातली. थोरोने नसती घातली म्हणा, पण थोरोने मुळात वाईनच केली नसती, शहाण्या माणसाला पाणी पुरे असं तो स्वतःच लिहून गेलाय. मला पटत नाही, सोडून दिलं.

मग पंचातून गाळून काचेच्या जारमधे गळ्यापर्यंत भरलं, वर एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारं पण बाहेरची हवा आत न घेणारं झाकण. ऑक्टोबरच्या थंडीत बेसमेंटमधे बुडबुडे थांबले, जार किचनमधे आणल्यावर परत चालू. पुढे गाळ सोडून वरची वाईन नळीने दुसऱ्या जारमधे घ्यायची, घाई न करता. डिसेंबरात जार मागच्या पोर्चवर ठेवला आणि तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे जमले, ते टार्टरचे, थंडीने खाली बसतात आणि आंबटपणा तेवढा उतरतो. हा भाग मला सगळ्यात आवडला, काही न घालता, नुसत्या हवेने झालेलं काम. साखर किती उरलीय ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा बरेच दिवस हलला नाही तेव्हाच बाटल्या भरल्या, नाहीतर आत फसफसून फुटतात.

हिशोब मात्र हसू आणणारा. थोरोची अख्खी झोपडी २८ डॉलर साडेबारा सेंटची, त्याने खिळ्यांचासुद्धा खर्च लिहून ठेवलाय, आणि माझे जार, नळी, एअरलॉक, हायड्रोमीटर धरून खर्च त्याच्या वर गेला. (तेव्हाचे डॉलर वेगळे, माहितीये.)

चव? नाशिकची वाईन डोक्यात ठेवून प्याल तर फसाल. वास थेट ग्रेप जेलीचा, आणि जिभेवर गोड काहीच नाही, त्यामुळे पहिल्या घोटाला माणूस गोंधळतो. जेवणाबरोबर नको, संध्याकाळी थोडी गार करून छान लागते.

यंदा मंडळातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, स्क्रू कॅपच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका. कॉर्क ठोकायचं यंत्र मी घेणार नाहीये.