एफी, हेन्रिएटा आणि आफ्रिका

मी एडिनबरात राहते आणि पैसे घेऊन लोकांचे पूर्वज शोधून देते. पुण्यात कुणालाही हे सांगितलं की प्रश्न ठरलेला, "म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांसारखं?" साधारण तसंच. फरक इतकाच, की तिथे यजमान स्वतः बसून चोपडीत नावं घालतो. इथे पूर्वजाने तोंडाने सांगितलेलं नाव चर्चच्या कारकुनाने आपल्या मर्जीप्रमाणे लिहिलेलं असतं. हे प्रकरण त्या मर्जीचंच.

मेलबर्नच्या एका बाईंचं काम होतं. नावगाव अर्थातच सांगणार नाही. त्यांचे खापरपणजोबा 1852 मध्ये, बटाट्याच्या दुष्काळामागून, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून ऑस्ट्रेलियाला गेले. तिथून पुढचं सगळं सरळ. मागचं मात्र घरातल्या एका काकांनी कधीतरी जुळवून, छापून, फ्रेम करून ठेवलेलं होतं. त्यात खापरपणजोबांच्या वडिलांना दोन बायका. पहिली एफी, तिला चार मुलं, त्यातलं चौथं म्हणजे हे खापरपणजोबा. ती वारली. मग हेन्रिएटा, तिला तीन. ही सावत्र आई पहिलीच्या मुलांच्या ओटच्या पेजेत पाणी घालायची, अशी घरात कथा. खापरपणजोबा म्हातारपणीही म्हणायचे, मी लहान असतानाच आई गेली. बाईंना एवढंच हवं होतं, की एफी कधी वारली आणि तिला कुठे पुरलं.

हे सापडणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 पासूनची. त्याआधीचं जे काही आहे ते पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, जुन्या वह्यांत. सगळ्यात जुनी वही पर्थशरमधल्या एरलची, 1553 ची, पण स्कायच्या वह्या पार एकोणिसाव्या शतकातल्या. त्यातही बाप्तिस्मे आणि लग्नं. मृत्यू बहुतेक ठिकाणी कुणी लिहीतच नसे. फार तर शवपेटीवर पांघरायच्या चर्चच्या कापडाचं भाडं जमाखर्चात दिसतं, आणि गरिबाने तेही घेतलेलं नसतं.

तरी त्या मंगळवारी सातही मुलांचे बाप्तिस्मे पडद्यावर शेजारी शेजारी लावून बसले. स्कॉटिश कागदांची एक गोष्ट मला फार आवडते: बाई लग्नानंतरही कागदावर माहेरच्या आडनावानेच असते. एफीचं आणि हेन्रिएटाचं माहेरचं आडनाव एकच होतं. काका म्हणत, योगायोग. स्कायमध्ये त्या आडनावाची माणसं ढिगाने. ते खरंही आहे. पण माझी नजर नावावर नव्हती, अक्षरावर होती. पहिल्या चार नोंदी उजवीकडे झुकलेल्या, घाईच्या, शाई फुटलेली. मग पाच वर्षांची फट. पुढच्या तीन नोंदी गोल, ठाशीव, प्रत्येक मोठ्या अक्षराला शेपटी. कारकून बदलला होता.

माझी आजी माहेरची द्वारका. लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिहून ती सुमती झाली. उद्या कुणी मेलबर्नहून तिचा शोध घ्यायला लागलं, तर आजोबांना दोन बायका होत्या असंच म्हणेल. कदाचित त्यामुळेच मला तो संशय लगेच आला. इथल्या सहकाऱ्यांना येत नाही.

स्कायच्या लोकांच्या भाषेत, गेलिकमध्ये, ओयरिक असं बाईचं नाव आहे. इंग्रजीत त्याला प्रतिशब्दच नाही, म्हणून ज्याने त्याने जवळचं वाटेल ते लिहिलं: एफी, युफेमिया, हेन्रिएटा. हे पुस्तकी ज्ञान सगळ्यांना असतं. पण या वहीत तसंच झालं, हे दाखवायचं कसं? अख्खी वही वाचून. दुपारभर मी फक्त आयांची नावं वाचली. झुकत्या अक्षरात एकही हेन्रिएटा नाही. गोल अक्षर सुरू झालं की एफी गायब, आणि घरोघरी हेन्रिएटा. एका पॅरिशमधल्या सगळ्या एफी एकदम मेल्या आणि सगळ्या नवऱ्यांनी हेन्रिएटांशी लग्नं लावली, असं मानायचं असेल तर माना. संगणकाच्या अनुक्रमणिकेत नाव टाकून अर्ध्या तासात वंशावळ उभी करणाऱ्यांना हे कधी दिसणार नाही, कारण त्यांना एकच ओळ दिसते, पान नाही.

मग 1841 ची जनगणना. हेन्रिएटा, वय 45. त्या वर्षी पंधराच्या पुढची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची पद्धत होती, म्हणजे 45 ते 49 काहीही. 1851 ची काकांना सापडलीच नव्हती. मला सापडली. नवरा बरोबर, मुलं बरोबर, वाडी बरोबर, आणि बायकोच्या रकान्यात 'आफ्रिका, वय 58'. वाचनालयात मोठ्याने हसायची सोय नाही. ओयरिकचं तेही एक रूप आहे.

सगळ्यात मोठं घबाड शेवटी. बाई 1855 मध्ये वारली. आमच्या धंद्यात 1855 चा दाखला म्हणजे लॉटरी: त्या एका वर्षी सरकारने इतके रकाने ठेवले, की नोंदणी करणारे जेरीस आले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी करावे लागले. मृत युफेमिया (आता हे चौथं नाव). मुलं सात, थोरल्यापासून ओळीने. माहिती देणारा थोरला मुलगा. सही नाही, फुली. आणि मृताच्या आईचं नाव रिबेका.

इथे क्षणभर पोटात गोळा आला. हायलँड्सच्या, म्हणजे स्कायसकट उत्तरेकडच्या डोंगराळ मुलुखाच्या, रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं. एफीच्या थोरल्या मुलीचं नाव होतं सोफिया. रिबेका आणि सोफिया. मग डोक्यात लख्ख पडलं: बेहाक. गेलिकमधलं बेहाक कुणी रिबेका लिहितं, कुणी सोफिया. आजी आणि नात दोघी बेहाकच.

आमच्याकडच्या एका ज्येष्ठांनी अहवाल वाचून शंका काढली: दोघी सख्ख्या बहिणी असतील तर? आई एकच, बेहाक. एफी मेली, धाकटीशी लग्न केलं. शंका चांगली होती, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. पण मृत बायकोच्या बहिणीशी लग्न करायला इथे 1907 पर्यंत कायद्याने मनाई होती, आणि चर्चची पंचसभा तर लग्नाआधीच्या गरोदरपणासाठीही जोडप्यांना सगळ्यांसमोर उभं करायची. त्या वर्षांची कार्यवृत्तं शाबूत आहेत. त्यांत या घराचं नाव नाही. मी "एकच स्त्री" असं लिहिलं. ज्येष्ठांनी मागे "बहुधा" घातलं. मी ते खोडलं.

बाईंचं उत्तर आठ दिवसांनी आलं. आभार वगैरे होते. मग एकच प्रश्न: सावत्र आई नव्हतीच, तर पेजेत पाणी कुणी घातलं?

तेव्हापासून ती पाच वर्षांची फट माझ्या डोक्यातून जात नाही. चौथं मूल आणि पाचवं मूल, मध्ये काहीच नाही. 1820 च्या दशकात समुद्रशेवाळाच्या राखेचा भाव कोसळला आणि या किनाऱ्यावरची रोख मिळकत आटली. त्या काळात हायलँड्समधल्या बायका टोळ्या करून दक्षिणेला लोदियनकडे कापणीला जात, ते हंगामापुरतं. पाच वर्षं कुणी जात नाही. का जाईल? आणि परतलेल्या आईला पाच वर्षांच्या मुलाने ओळखलं नाही तर? याला कागद नाही, त्यामुळे अहवालात यातलं एक अक्षर नाही.

पण बाईंचं पहिलं पत्र मी परत काढून पाहिलं. खापरपणजोबांचं वाक्य त्यांनी घरात चालत आलं तसंच दिलं होतं. त्यात आई 'मेली' नव्हतं. 'गेली' होतं.