तीन नंबरला तेच, चार नंबरलाही तेच

मे महिन्यात, सोलापुरात, रात्री अकरा वाजता कुणाचे तळहात गार लागत नाहीत. त्या पोराचे लागले.

वय सहा, वजन सतरा किलो. अक्कलकोटकडच्या वस्तीवरचं. आजीबरोबर म्हशीला कडबा टाकायला गेलं, पेंढी उचलली आणि विंचू बोटाला डसला. आजीनं तो चपलेनं मारून गुटख्याच्या पुडीत आणलेला. "काळी इंगळी नव्हं मॅडम, तांबडाच हाय," ती म्हणाली. तिला नेमकं कळत होतं. काळ्या इंगळीपेक्षा हा कितीतरी घातक.

शर्ट घामानं पिळून काढण्यासारखा, तोंडातून लाळ, दोन उलट्या, नाडी 150. "बोट दुखतंय का रे?" मानेनंच नाही म्हणाला. आईला हायसं वाटलं. मला मात्र धडकी भरली.

या विषानं मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे मिटतच नाहीत. मग तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रेनलिन सुटत राहतं. एरवी कुत्रं मागे लागलं की हीच रसायनं आपल्याला पळवतात, आणि सुटलेलं नॉरॲड्रेनलिन तंतू बरंचसं परत ओढून घेतात. इथं आवरायला उसंतच नाही. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

गंमत म्हणजे पोरगं चार नंबरच्या खाटेवर आणि शेजारच्या तीन नंबरला यंत्रमागावरचे एक काका होते. पायाच्या जखमेचे जंतू रक्तात गेलेले, बीपी कोसळलेलं. त्यांना आम्ही पंपानं नॉरॲड देत होतो. एकाला थेंब थेंब मोजून द्यायचं, दुसऱ्याला त्यापासूनच वाचवायचं. मध्ये फक्त हिरवा पडदा.

उतारा प्राझोसिन. ते रक्तवाहिन्यांवरची नॉरॲडची जागा अडवतं. विंचूदंशात त्याचा वापर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुजवला. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे या पोराला 1 मिलिग्रॅमची अर्धी गोळी. पण आमच्या ट्रेमधली संपलेली! मामा धावत जाऊन घेऊन आला ती हळूहळू सुटणारी, जी मोडायचीच नसते. परत पाठवला. दुसऱ्या मेडिकलमधून साधी मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी त्याच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला नाही.

गोळी पोटात गेली तशी आई त्याला मांडीवर घ्यायला वाकली. "ताई, उचलू नका, आडवाच राहू द्या." उठवलं की बीपी एकदम खाली येऊ शकतं. पाच मिनिटांनी परत तेच. शेवटी आजीनंच तिचा हात धरून ठेवला.

दर तीन तासांनी अर्धी गोळी. दोनच्या सुमारास घाम थांबला. पाचला पावलं हाताला कोमट लागली.

साडेपाचला किंचाळी ऐकून धावले. पोरगं बोट धरून ओक्साबोक्शी रडत होतं. आई घाबरीघुबरी, "मॅडम, आता दुखाया लागलं की हो! इख वर चढलं का?"

गंभीर दंशात ठणका सुरुवातीला फारसा नसतो. पोर सावरू लागलं की परततो. मी खुर्चीत बसूनच घेतलं. "रडू द्या," म्हटलं, "चांगलं रडू द्या."

तेवढ्यात पडद्यापलीकडून सिस्टरनं विचारलं, "मॅडम, काकांचं नॉरॲड पाचवरून चारवर आणू का?"