चिंचवडगाव पायी: मोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्ती वाडा, चापेकर वाडा

पिंपरी-चिंचवडच्या जोडनावात चिंचवड दुसरे येते, पण इतिहासाच्या दृष्टीने मूळ गाव तेच. पवनेच्या काठच्या या जुन्या गावठाणातील मुख्य ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बहुतेक लोक समाधीचे दर्शन घेऊन गाडीत बसतात आणि उरलेले गाव राहून जाते. निवांत पाहायला अर्धा दिवस हाताशी ठेवा.

पुणे-लोणावळा लोकलने येत असाल तर चिंचवडला उतरा. स्टेशन आणि गाव वेगळे आहेत, मध्ये दोनेक किलोमीटरचे अंतर आहे. रिक्षावाल्याला नुसते ‘चिंचवड’ सांगितले तर तो कुठेही नेईल, म्हणून ‘चिंचवडगाव, चापेकर चौक’ असे सांगा. मेट्रोने आलात तर पीसीएमसी स्थानकावरून रिक्षा करावी लागते. स्वतःची गाडी पेठेच्या आत नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि संकष्टीला तर गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

सुरुवात नदीकाठाहून करावी. सकाळी लवकर गेल्यास समाधी मंदिराचा गाभारा शांतपणे पाहता येतो. हे अष्टविनायकांतले देऊळ नाही. गणपतीला सर्वश्रेष्ठ दैवत मानणाऱ्या गाणपत्य संप्रदायातील थोर सत्पुरुष मोरया गोसावी यांची ही संजीवन समाधी. इथे शिलालेख आहे, तो चुकवू नका. शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला काम सुरू झाले आणि शके १५८१, विकारी संवत्सर, आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरे झाले, असे त्यात नोंदवले आहे. शकात ७८ मिळवले की १६५८ आणि १६५९ ही साले मिळतात. ताळा हवा असेल तर संवत्सराचे नाव पाहा: साठ वर्षांनी तेच नाव परत येते आणि २०१८ सालीही विलंबीच होते. म्हणजे सगळे बांधकाम आठेक महिन्यांत उरकले. देऊळ बसके, साधे आणि भक्कम आहे. कोरीव काम शोधत येणाऱ्याची निराशा होईल, पण आम्हाला हा साधेपणाच समाधीला शोभणारा वाटतो.

मोरया गोसावींच्या काळाबद्दल चौदाव्या शतकापासून सतराव्यापर्यंत वेगवेगळी मते ऐकू येतील. त्यांचे चिरंजीव चिंतामणी महाराज यांना तुकोबांनी ‘देव’ म्हटले आणि तेच घराण्याचे आडनाव झाले, अशी परंपरा आहे. ती धरली तर चौदावे शतक फार मागे पडते. आवारात वंशजांच्याही समाध्या आहेत, त्या क्रमाने पाहिल्या की देव घराण्याच्या पिढ्या उलगडतात. या घराण्यातल्या पुरुषांना गणपतीचा अंश मानत. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज प्रवासी चिंचवडला आली, तीही देव घराण्याच्या त्या वेळच्या प्रमुखाला पाहण्यासाठीच. शेजारचे धनेश्वराचे देऊळही पाहून घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट आधी तपासा. पवना धरणातून विसर्ग वाढला की नदीचे पाणी थेट समाधी मंदिरात शिरते. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या विसर्गाची बातमी पाहा. पाणी ओसरल्यावरही घाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहतो, पाय हमखास घसरतो. नदीला जलपर्णीचा आणि सांडपाण्याचा त्रास आहे, तेव्हा हातपाय धुवायला पाण्यात उतरू नका.

तिथून मंगलमूर्ती वाड्याकडे चला. मोरगावच्या कऱ्हा नदीत मोरया गोसावींना मिळालेली गणेशमूर्ती ती या वाड्यातलीच, अशी श्रद्धा आहे. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते, त्या दिवसांत मूर्ती वाड्यात नसते. पालखीचा सोहळा पाहायचा असेल तर प्रस्थानाची वेळ देवस्थानाकडून विचारून घ्या. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेकची व्यवस्थाही याच चिंचवड देवस्थानाकडे आहे, त्यामुळे पुढे अष्टविनायकाला निघणाऱ्यांनी तिथल्या चौकश्याही इथेच कराव्यात. मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या सुमारास समाधी उत्सव असतो. तेव्हा कीर्तन-गायन ऐकायला मिळते, पण देऊळ बारकाईने पाहणे जमत नाही.

शेवटी चापेकर वाडा. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे कीर्तनकार हरिपंत चापेकरांचे मुलगे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दामोदरांनी प्लेग अधिकारी रँडवर आणि बाळकृष्णांनी लष्करी अधिकारी आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. मे १८९९ मध्ये वासुदेव, त्यांचे साथी महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांना ८, १० आणि १२ तारखेला फासावर चढवले. पाच दिवसांत तिघे. या तारखा मनात ठेवून वाड्यात शिरा, म्हणजे खोल्या नुसत्या खोल्या राहत नाहीत. वाड्याचे आता स्मारक झाले आहे. शाळांच्या सहली नसतील अशी वेळ आधी विचारून ठरवलेली बरी.

पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी चालणारे ‘पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्’ गावातच आहे. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांचे हे काम. मुलांचे वर्ग चालू असतात, म्हणून परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये आणि मुलांचे फोटो काढू नयेत.

संध्याकाळ मोकळी असेल तर पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत गाठा. रँड त्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून निघाला, तो याच वास्तूतून. तेव्हा ते गव्हर्नरचे निवासस्थान होते.