चाकाने मागितलेला लंबगोल

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याच्या माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो. आमच्याकडील बहुतेक पालकांना हा विषय इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेमुळे ठाऊक असतो, कारण तीत मिळालेल्या ए, बी किंवा सी श्रेणीनुसार दहावीला अनुक्रमे 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात. या गुणांचा मुलांना खरोखर आधार होतो. तरीही ‘सर, याला किती मार्क?’ हा प्रश्न कागद हातात पडण्याआधीच येतो, तेव्हा मन खट्टू होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आठवीचा वर्ग अर्धा रिकामा असताना मी जाहीर केले की, आजच्या चित्राला गुण नाहीत. ज्याला जे आवडेल ते त्याने काढावे. थोड्याच वेळात जवळपास प्रत्येक कागदावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड उमटले. आमच्या शिवारात तसे डोंगर नाहीत आणि नारळही नाहीत. मुले टाळाटाळ करत नव्हती. सगळेच मोकळे सोडले की हात सवयीच्या चित्राकडे वळतो, एवढेच. म्हणून मी फळ्यावर तीन विषय लिहिले : अंगणातली एखादी वस्तू, शेतातले अवजार किंवा काम करणारे माणूस. पेन्सिल, कोळसा की गेरू, हेही ज्याचे त्याने ठरवायचे होते.

वस्तुचित्राच्या तासाला बादली समोर ठेवली की जांभया देणारा एक मुलगा कोळसा घेऊन बंडी, म्हणजे बैलगाडी, काढू लागला. चाकापाशी तो अडला. त्याने खोडले, पुन्हा काढले, मग परवानगी घेऊन शाळेशेजारच्या घरासमोर उभी असलेली बंडी पाहून आला आणि म्हणाला, “सर, चाक तं गोल हाये, पण तिरपं पायलं तं लांबट दिसते. काढू कसं?” जो लंबगोल मी बादलीच्या तोंडावरून वर्षभर समजावत होतो, तो आता त्याला स्वतःला हवा होता. मी आधी उभा आणि आडवा अक्ष आखून दाखवला. आरे कुठे जवळ येतात आणि कुठे विरळ होतात, हे त्याने पुन्हा बाहेर जाऊन स्वतःच पाहिले.

मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितलेली बालवाडीतील मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली होती. गुण बंद करणे माझ्या हाती नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. परीक्षेची तयारी मी वेगळ्या तासाला घेतो. शनिवारचा तास मात्र विनागुण असतो आणि फळ्यावर निवडीसाठी विषय असतात. तो मुलगा आता बादलीचे तोंड बिनचूक काढतो. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या रचनेत, त्याचे मन अजून रमत नाही. त्यासाठी पोळ्याला बैलाच्या अंगावर टाकतात त्या झुलीच्या नक्षीपासून सुरुवात करावी, असा माझा विचार आहे.