हिरव्या रेषेतली घळ

‘सोपा. १४ किलोमीटर. ४ तास १० मिनिटं.’ ट्रेकिंगच्या अ‍ॅपवर या वाटेच्या हिरव्या रेषेबद्दल एवढंच होतं, शेजारी भरघोस तारे. प्रत्यक्षात आठ तास उलटून गेले. त्यातले जवळजवळ तीन एकाच घळीत गेले, आणि ती नकाशावर सातशे मीटरसुद्धा भरत नाही. डोंगराचं नाव मुद्दाम देत नाही, हा घोळ कुठल्याही डोंगरावर होईल. दम, बूट, पाणी यावरही बोलणार नाही. ते तुमचं तुम्हाला कळतं असं धरून चालतो.

आदल्या दिवशीची चाल आणि खिंडीपर्यंतची चढण छान आहे. पुढे.

खिंडीनंतर अ‍ॅपमधली रेषा डावीकडे वळते आणि सरळ घळीत उतरते. आधी पायवाट, मग ढोरवाट, मग नुसता घसारा आणि सुटे धोंडे. मध्येच दहा-बारा मीटरचा एक टप्पा येतो, तिथे तोंड कातळाकडे करून, पाय चाचपत उतरावं लागतं. सॅक पाठीवर असेल तर आणखीच मजा. नकाशातल्या कंटूर रेषांवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, याचा मागमूस नाही, आणि असणारही नाही. रेषा दर वीस मीटर उंचीला काढलेल्या असतील तर दोन रेषांच्या मधे एवढा कडा आरामात लपतो. भरीला, अनेक नकाशांमधली उंची २००० साली एंडेव्हर या अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून येते. त्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच आकडा. म्हणून अ‍ॅपमधला चढ-उताराचा आलेख असा गुळगुळीत दिसतो. तो पाहून उतार ठरवायचा नाही.

वेळेचं गणितही जुनंच. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली ठोकताळा दिला: साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. १४ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ मांडून बघा, चार तास आठ मिनिटं येतात. म्हणजे अ‍ॅपने वेगळं काय केलं? या हिशेबात उतरायला जादा वेळ धरलेलाच नाही. पुढे गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी दुरुस्ती सुचवली, तीव्र उताराला दर ३०० मीटरमागे दहा मिनिटं वाढवा. माझं मत, घसारा असेल तर तेही विसरा. तेवढ्या तुकड्याला तिप्पट वेळ धरा.

घळीत जीपीएसनेही हात वर केले. फोनला जागा कळायला नेटवर्क लागत नाही हे खरं, पण उपग्रहाचे सिग्नल दोन्ही बाजूंच्या कातळावर आपटून उशिरा पोहोचतात आणि निळा ठिपका उड्या मारायला लागतो. एकदा तो पार कड्याच्या पोटात गेला. “अरे, आपण दगडातून चालतोय,” मित्र म्हणाला, आणि त्या अख्ख्या दुपारी हसलो ते तेवढंच. अशा जागी ठिपक्याच्या मागे जाऊ नका. घळ सुरू होण्याआधी मोकळ्यावर थांबून समोरचा उतार डोळ्यांनी नीट बघून घ्या.

आता तुम्ही निघण्याआधी काय तपासाल ते. ट्रॅकची जीपीएक्स फाईल, म्हणजे वाटेवरच्या बिंदूंची नोंद, उतरवा आणि झूम करून बघा. खरोखर चाललेल्या माणसाची रेषा थोडी थरथरते, तिच्यातल्या बिंदूंना वेळ नोंदलेली असते. घरी बसून ओढलेली रेषा लांबच लांब सरळ, आणि बिंदूंना बहुधा वेळ नसते. अशी रेषा तीव्र उतारावर दिसली की ती फाईल पुसून टाका. वेळ असेल तर दिशाही कळते. आमच्या घळीतून गेलेला गडी खालून वर चढला होता. जिथे चढणं जमतं तिथे उतरणं जमेलच असं नाही. तो तिथे किती रेंगाळला तेही दिसतं.

प्रतिक्रिया तारे बघून वाचू नका. बहुतेक लोक खिंडीत फोटो काढून आल्या वाटेने परततात आणि पाच तारे देतात. ‘घसरडं’, ‘वाट सापडली नाही’, ‘परत फिरलो’ एवढेच शब्द शोधा.

पैशाचं म्हणाल तर राग अजून गेलेला नाही. नकाशा ऑफलाइन वापरायचा तर आधी ‘मोफत चाचणी’, आणि मुदत संपल्याबरोबर वर्षभराची वर्गणी कापली. अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. चाचणी सुरू केली त्याच मिनिटाला रद्द करा. खरं तर त्याची गरजच नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशे फुकट मिळतात, ओएसएमअँडमध्ये कंटूरही दाखवता येतात. दोन्हींचा पाया ओपनस्ट्रीटमॅपच, स्वयंसेवकांनी काढलेला. चालताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, जीपीएस चालू राहतं. बॅटरी खाणारं नेटवर्क शोधणं मात्र थांबतं.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायवाटेला अवघडपणा आणि वाट किती दिसते हे नोंदवायची सोय आहे: सॅक स्केल (स्विस अल्पाइन क्लबची श्रेणी, पाठीवरच्या सॅकशी संबंध नाही) आणि ट्रेल व्हिजिबिलिटी. आमच्या घळीला दोन्ही रकाने रिकामे होते, आणि अ‍ॅपने रिकामं म्हणजे सोपं असं धरलं. परतल्यावर मी ते भरले. पण अ‍ॅपवाले नवा डेटा उचलेपर्यंत तिथे तीच हिरवी रेषा दिसत राहणार. तोवर खिंडीतून उजवीकडची रुंद वाट धरा. पाच किलोमीटर वाढतील, वाढू द्या.