आत या ना, बाहेर का उभे?

शनिवारी दुपारी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, संपली.’ पुढे सात रडके चेहरे. क्षणभर पोटात गोळाच आला, घरातलं कोणी गेलं की काय. गेलं होतंच म्हणा, पण मिस्टिक फॉल्स या मालिकेतल्या गावात. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही अमेरिकन मालिका पाहून संपली होती. आठ सीझन, १७१ भाग. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यापासून पोरीने दुसरं काही केलेलं नाही, असं तिची आई सांगतच होती. लगेच दुसरा मेसेज : ‘आता मी काय करू? एखादी फिक सांग ना. तू वाचतेस, मला माहितीये.’

जुडी हातात तशीच राहिली.

हे हिला कोणी सांगितलं? रात्री अकरानंतर मी मोबाइलमध्ये डोकं घालून काय वाचते हे माझ्या नवऱ्यालाही नीट ठाऊक नाही. त्याला वाटतं, शेअर बाजार. मीही तो गैरसमज दूर केलेला नाही. दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरून देणारी, ३९ वर्षांची बाई रात्री व्हॅम्पायरांच्या गोष्टी वाचते, त्याही मूळच्या नव्हेत, कुणीतरी हौसेने पुढे लिहिलेल्या (फॅनफिक्शन, म्हणजेच फिक), हे उघड सांगायला जरा धीर लागतो.

त्यात सुचवणं हा प्रकार मला मुळात जमत नाही. दाताचा डॉक्टर, पैठणीचं दुकान, उकडीला चांगलं पीठ कुठे मिळतं, हे मी डोळे मिटून सांगते. चुकलं तर बोलणी खाते, विषय संपतो. फिकचं तसं नाही. आधी विचारावं लागतं, बाई गं, तुझं नेमकं कुठे दुखलंय? मालिकेने पोट भरलं तर माणूस पानावरून उठतो, हात धुतो. शेवटचा भाग झाल्यावरही जो पाटावर बसून राहतो, तोच फिक मागतो. आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कुणाचं स्टीफन या व्हॅम्पायर नायकापाशी अडलेलं असतं, कॅरोलाइनशी झालेल्या लग्नातले हार सुकायच्या आत त्याला मारला म्हणून. कुणी अजून क्लाउसवर, कॅरोलाइनवर जीव असलेल्या खलनायकावर, रुसलेलं असतं. शेवटी कॅरोलाइनला तीस लाख डॉलरचा चेक आणि एक पत्र पाठवतो मेला, स्वतः येत नाही! त्या एका पत्रावर लोकांनी इतकं लिहिलंय की छापलं तर टेम्पो भरेल.

मग भाचीने विचारलंच असतं, ‘आणि तुझं?’

माझं बॉनीपाशी. बॉनी बेनेट, चेटकीण. कुणाचा जीव वाचवायचा असला की हिने मंत्र म्हणायचे आणि हिच्या नाकातून रक्त यायचं. आजी गेली, आईची व्हॅम्पायर झाली, ही स्वतः मेली, परत आली, पुन्हा मेली. शेवटी एन्झो नावाचा एक प्रियकर तिच्या वाट्याला आला, तर त्यालाही स्टीफनने मारलं. आमच्याकडे लग्नघरात एक आत्या असायची. पहाटे चारला उठून पन्नास माणसांच्या अंघोळीचं पाणी तापवणारी, आणि फोटोत कधीच नसणारी. बॉनी पाहिली की मला ती आत्या आठवते.

सहाव्या सीझनमध्ये या बॉनीला आणि डेमनला, म्हणजे स्टीफनच्या थोरल्या भावाला, एका बंद जगात टाकून देतात. तिथे रोज १० मे १९९४. रोज तोच पेपर, रोज तेच सूर्यग्रहण, आणि गावात चिटपाखरू नाही. (त्या तारखेला अमेरिकेत खरोखरच कंकणाकृती ग्रहण लागलं होतं.) एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन माणसं, एक स्वयंपाकघर. डेमन रोज सकाळी पॅनकेक करतो, वर क्रीमचे व्हॅम्पायरी दात काढतो. बॉनीला त्या पॅनकेकचा उबग आलेला. मालिकेने हे सगळं चार-पाच भागांत उरकलं आणि डेमनला एलेनाकडे, म्हणजे नायिकेकडे, परत नेलं. उरकलं म्हणजे अक्षरशः उरकलं. इतकी चांगली मोकळी जागा हातात असताना!

मग लोक तिथेच राहायला गेले. मी जी फिक सुचवणार होते तिची लेखिका तर त्या घरातून बाहेरच पडत नाही. लाखाच्या वर शब्द, आणि घडत काही नाही. एका प्रकरणात बॉनी पिठाचा डबा लपवते. डेमन दिवसभर शोधतो, पण विचारत नाही. तीही सांगत नाही. ग्रहण लागतं, सुटतं. संध्याकाळी तो एका बशीत नुसती क्रीम घालून तिच्यापुढे ठेवतो. वर दात काढलेले. बस्स, प्रकरण संपलं. पुढच्या प्रकरणात पीठ परत जागेवर, कारण तारीख तीच. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी उठून उगाचच पोह्यांचा डबा उघडून पाहिला होता.

ग्रहणाच्या दिवशीचं बंद घर मला चांगलं ठाऊक आहे, हे त्यातलं मुख्य कारण असावं. २४ ऑक्टोबर १९९५. मी नऊ वर्षांची. ऐन दिवाळी, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, आणि सकाळीच ग्रहण. खग्रास तिकडे राजस्थानात नीम का थान्याच्या बाजूला. आमच्या साताऱ्यात खंडग्रास. पण आजीच्या लेखी ग्रहण ते ग्रहण. तिने पहाटेच वाड्याची दारं लावली, खिडक्या लावल्या, चिवड्याच्या डब्यात तुळशीपत्र, लाडवांच्या डब्यात तुळशीपत्र, पाण्याच्या पिंपात दोन. फराळ समोर, आणि हात लावायचा नाही. टीव्हीवर दूरदर्शनवाले सूर्य दाखवत होते, तोही आजीने बंद करायला लावला. टीव्हीतून काय लागतं ते कुणाला माहीत!

ताई आणि मी माजघरात पालथ्या पडून होतो. वरच्या कौलांच्या फटींतून नेहमी उन्हाचे गोल कवडसे पडायचे फरशीवर, आठ-दहा. ताईने मला कोपराने ढोसलं. ते गोल राहिले नव्हते. प्रत्येक कवडशाची कोर झाली होती. फरशीभर चंद्रकोरी, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. आम्ही तळहात पुढे केले तर तळहातावर कोर. आजी दाराला कडी लावून जप करत होती आणि ग्रहण कौलांतून, कुणाला न विचारता, आत येऊन पसरलं होतं. आम्ही तिला सांगितलं नाही. मग ते सुटलं आणि बोळातून आरोळ्या आल्या, ‘दे दान, सुटे गिराण!’ आजीने कडी काढली, सुपातले गहू घातले, आणि आम्हाला अंघोळीला पिटाळलं.

एरवी तो दरवाजा बंद पाहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून या मालिकेतला आमंत्रणाचा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी एकटीच हसत सुटले होते. घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही! अहो, आमच्या वाड्यात तो दारात उभा राहून घसा खाकरेपर्यंत आतून आजीचा आवाज आला असता, ‘आत या ना, बाहेर का उभे? कुणाकडचे तुम्ही?’ गूळ-पाणी आलं असतं. दिवाळी असली तर बशीत चिवडा. लसणीची चटणी वाढली असती तरी काही बिघडलं नसतं, या मालिकेत लसणीला कोणी भीत नाही, वर्वेन नावाची वनस्पती लागते. आणि निघताना त्याने बिचाऱ्याने ‘जातो’ म्हटलं असतं तर आजीने दटावलं असतं. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. म्हणजे पुढच्या वेळचंही आमंत्रण आगाऊच!

तिकडेही एलेनाचा भाऊ जेरेमी असाच एकदा पिझ्झा घेऊन आलेल्याला सहज आत घेतो आणि तो व्हॅम्पायर निघतो. पण मला सगळ्यात आवडतो तो मालकीचा मुद्दा. घर कुणाच्या नावावर, त्यावर सगळं अवलंबून. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे बाहेरचे व्हॅम्पायर येऊ नयेत म्हणून साल्व्हातोरेंचं घर कागदोपत्री एलेनाच्या नावावर करतात. झालं, सही होताच स्टीफन आणि डेमन, पिढ्यान्‌पिढ्यांचे घरवाले, दाराबाहेर. आता त्यांनाही एलेनाने ‘आत ये’ म्हणायला हवं. आमच्या वाड्याच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अकरा नावं होती, त्यातली चार वारलेली, आणि एका काकांनी सह्या अडवून धरलेल्या. तिथे व्हॅम्पायरने करायचं काय? सगळ्या वारसांची ना-हरकत आणायची?

हे मी गंमत म्हणून लिहितेय खरं, पण या मालिकेच्या बाबतीत ती नुसती गंमत राहिलेली नाही. एल. जे. स्मिथ या बाईंनी मूळ पुस्तकं लिहिली. पहिलं १९९१ चं. पण लिहून घेणारी कंपनी होती, ठरलेल्या पैशांवर, हक्क कंपनीचे. २००९ मध्ये मालिका आली, पुस्तकं धडाधड खपू लागली, आणि २०११ मध्ये कंपनीने त्यांना बाजूला केलं. पुढची पुस्तकं दुसऱ्यांकडून लिहून घेतली. एलेना त्यांची, स्टीफन त्यांचा, डेमन त्यांचा, आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. मग २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘किंडल वर्ल्ड्स’ काढलं, काही ठरावीक मालिकांवर कुणीही फॅनफिक्शन लिहावं आणि विकावं. त्यात ही मालिका होती. २०१४ मध्ये स्मिथबाई तिथे गेल्या आणि आपल्याच गोष्टीचा पुढचा भाग चार हौशा पोरींच्या रांगेत उभं राहून, फॅनफिक म्हणून लिहिला. ते दुकानही २०१८ मध्ये बंद झालं. बाई गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये वारल्या.

भाचीला हे सांगावंसं वाटलं होतं. टाइपही केलं, मग खोडलं. विचारलंय काय, सांगतेय काय.

तर फिक. चार नावं लिहिली. पहिलं खोडलं, कारण त्यात शब्द कमी आणि उसासे फार. दुसरी तिच्या वयाला नको. हे लिहिताना मला आमच्या ग्रंथालयातल्या काकांचा चेहरा आठवला. ते पुस्तकाकडे न बघता आधी माझ्याकडे बघायचे, मग ‘हे आईला दे, तुझं हे’ म्हणून काउंटरवर दोन ढीग करायचे. आईच्या ढिगातली मी वाटेत गणपतीच्या देवळाच्या पायरीवर बसून वाचायची. म्हणजे दुसरी फिक भाची आपण होऊन शोधणार, हे नक्की. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फिकच्या वेबसाइटवर बरणीला चिठ्ठी लावावी तसं सगळं वर लिहिलेलं असतं : स्लो बर्न (प्रेम अगदी सावकाश जुळणार), शेवट वाईट, बॉनीला कोणी मारत नाही. (त्या आर्काइव्हला २०१९ मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरातलं पोर बोर्डात आल्यासारखं झालं होतं. ऑफिसात सांगणार कुणाला? पेढे आणले आणि गाडी घेतली म्हणून ठोकून दिलं. गाडी पुढे दोन वर्षांनी घेतली.) तिसरं नाव का खोडलं ते आता आठवत नाही.

उरली पिठाच्या डब्याची. पाठवली. खाली नुसतं ‘बघ आवडते का’ असं लिहिलं, ‘वाचच’ असं मी कधीच लिहीत नाही.

चार दिवस काही नाही. मेथीची भाजी झाली, संपली. मंगळवार गेला. मी दोनदा फोन उलटा करून ठेवला. न मागता आपलं काही दुसऱ्याच्या हातात द्यावं, तसं काहीतरी वाटत राहिलं, वास्तविक तिने मागितलं होतं.

बुधवारी रात्री पावणेदोनला फोन थरथरला. ‘मावशी!!!! चौतिसाव्यानंतर पुढचं प्रकरण कुठाय???’

हे मी तिला सांगितलं नव्हतं. चौतिसावं २०१७ च्या जूनमधलं. खाली लेखिकेची एक ओळ आहे, परीक्षा चालू आहे, आटोपली की लगेच येते. त्यानंतर काही नाही. मी दर दिवाळीला एकदा जाऊन बघते. ती कोण, कुठली, काय शिकत होती, काही माहीत नाही. अशी बंद पडलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नसते, हा फिकवाल्यांमधला पहिला नियम. मी तो मोडला, कारण चौतीस प्रकरणं मला एकटीला जड झाली होती बहुधा.

‘मेली की काय ती?’ भाचीने विचारलं.

‘असं बोलू नये,’ मी लिहिलं. ‘येते म्हणून गेलीय.’